अप्पांच्या नाण्यांवरचे लॅकर

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला बसले की मला थांबवावे लागते, हे तुम्हांला माहीतच आहे. पण समोर ध्वनिक्षेपक आला की घशाला कोरड पडते. तरीही चिटणीसबाईंनी आग्रह धरला. गेल्या वर्षी आपण जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले, त्यात मी माझ्या वडिलांची नाणी मांडली होती. ती पाहून पुष्कळ जणींनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘इतकी जुनी नाणी इतकी स्वच्छ कशी?’ आणि दुसरा, ‘आमच्याही देव्हाऱ्यात सासूबाईंच्या वेळचे बंदे रुपये आहेत, ते कशाने घासावे?’

खरे सांगते, दुसऱ्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला. कारण हाच प्रश्न एके काळी मलाही पडला होता, आणि त्याचे उत्तर मी कोणाला न विचारता स्वतःच देऊन टाकले होते. त्याची किंमत काय पडली, ते आज सांगते. म्हणजे निदान तुम्ही तरी ती चूक करणार नाही.

माझे माहेर धुळ्याचे. वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू. ते शाळेत इतिहास शिकवीत. पगार बेताचा आणि घरात खाणारी तोंडे सात. अशा संसारात माणसाला नाद परवडतो तो एकच, ज्याला पैसे कमी लागतात! अप्पांना जुन्या नाण्यांचा नाद होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धतीचे ‘नवे पैसे’ आले, आणि जुने पैसे नि आणे हळूहळू लोकांच्या हातांतून नाहीसे झाले. आठवड्याच्या बाजारात, मोड घेणाऱ्या कासाराच्या ढिगात अप्पांना ते सापडत. भोकाचा पैसा, राणीचा पैसा, कधी एखादी शिवराई. भाजीच्या पिशवीतून कोथिंबिरीबरोबर नाणेही घरी यायचे, आणि आई आधी अप्पांकडे आणि मग उरलेल्या चिल्लरीकडे पाहायची.

सुटीच्या दिवशी अप्पा आम्हां भावंडांना राजवाडे संशोधन मंडळात नेत. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला आपल्या धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या मागे हे मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांनी २२ खंड काढले, त्यांतला पहिला १८९८ सालचा. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळून हा माणूस कागद गोळा करीत असे. तिथल्या कपाटांसमोर उभे राहून अप्पा आम्हांला बजावत, “जुना कागद जसा मिळाला तसा ठेवावा. त्यावर आपली शाई लावू नये.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९६४ सालची दिवाळीची सुटी. मी नऊ वर्षांची होते. अप्पांनी ओसरीवर वर्तमानपत्र पसरले, सगळी नाणी ओळीने मांडली, आणि कुठूनशी आणलेली एक बाटली उघडली. बाटलीत पाण्यासारखा पातळ, किंचित चिकट पदार्थ होता. बारीक कुंचल्याने त्यांनी एकेका नाण्याला तो लावला, आधी एका बाजूला, वाळल्यावर दुसऱ्या बाजूला. सबंध घरात पिकलेल्या केळ्यांचा घमघमाट सुटला. माझा धाकटा भाऊ तर ‘केळी कुठे लपवली?’ म्हणून घर धुंडाळू लागला! अप्पा म्हणाले, “हे लॅकर आहे. आता चांदी काळी पडायची नाही आणि तांबे कळकायचे नाही.”

आणि पुष्कळ वर्षे तसेच झाले.

अप्पा वेडेपणा करीत होते असे कृपा करून समजू नका. बर्लिनच्या राजसंग्रहालयात १८८८ साली रासायनिक प्रयोगशाळा निघाली, तेव्हापासून जुन्या वस्तू टिकवण्याचे शास्त्र नीट उभे राहू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘झापोन’ नावाचे लॅकर निघाले, आणि धातूच्या वस्तूंनाच काय, जुन्या कागदांनाही ते लावीत. इंग्लंडात चांदीसाठी ‘फ्रिजिलीन’ नावाचे लॅकर वापरीत. म्हणजे मोठमोठ्या संग्रहालयांत जे चालले होते, तेच धुळ्याच्या एका मास्तरांनी आपल्या ओसरीवर केले. आपण नाही का पितळेच्या पातेल्याला कल्हई लावून घेत? हेतू तोच.

पण कल्हईचे पुढे काय होते, ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. ती उडू लागली की आपण पातेले पुन्हा कल्हईवाल्याकडे देतो. अर्धवट उडालेल्या कल्हईच्या पातेल्यात कोणी आमटी ठेवील काय? अप्पांच्या नाण्यांना मात्र दुसऱ्यांदा कोणी हात लावला नाही. अप्पा १९८८ मध्ये गेले. नाणी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या कपाटात राहिली. बरोबर अप्पांची वही होती. तीत प्रत्येक नाण्याला क्रमांक, वजन, कुठे मिळाले, किती पैसे दिले, सगळे नोंदलेले. एकंदर नाणी ४७.

२००८ च्या भाऊबीजेला दादाने त्यांतले तीन राणीछाप रुपये माझ्या ओवाळणीच्या तबकात ठेवले. “माई, अप्पांची आठवण तुझ्याही घरी असू दे,” म्हणाला. मला भरून आले. ते मी जळगावला आणले आणि देव्हाऱ्यात ठेवले. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पाहते तो रुपये पिवळेधमक, चहाचे डाग पडल्यासारखे. अशा मळक्या रुपयांची पूजा कशी मांडायची? मी एक रुपया घेतला, चिंचेच्या कोळात भिजवला, आणि भांड्यांची पावडर लावून काथ्याने घासला. लॅकर कुठे निघाले, कुठे पोपड्यासारखे चिकटून राहिले. ते निघावे म्हणून मी आणखी जोर केला. अखेर रुपया पांढराफटक झाला. घरातल्या सगळ्यांनी वाहवा केली. चमकला होताच तो!

त्या भाऊबीजेला मोठ्या उत्साहाने मी तो रुपया धुळ्याला दाखवायला नेला. दादाने तो खिडकीपाशी नेला, चष्मा वर सारून पाहिला. राणीच्या गालावर बारीक ओरखड्यांचे जाळे होते, केसांच्या बटा सपाट झाल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, “ओ माय, किती छान निघाला!” दादा काही बोलला नाही. रुपया माझ्या हातात ठेवला, डबा कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. त्या आधी कपाटाला कुलूप कधी पाहिल्याचे मला आठवत नाही. पुढची दोन वर्षे भाऊबीज झाली, ओवाळणे झाले, जेवणे झाली; पण डब्याचा विषय निघाला नाही. भांडण झाले असते तर बरे, असे मला वाटे.

राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. माझ्या हातून चांदी अशी कितीशी गेली असेल? सराफाच्या काट्यावर ती कळणारही नाही. पण नाण्याच्या अंगावर टांकसाळीतून निघतानाची जी मूळ कांती असते आणि वर्षानुवर्षांत तिच्यावर जी मंद झाक चढते, ती एकदा घासून गेली की ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. नाणी जमवणारा माणूस पाहतो ती तीच.

२०११ च्या पावसाळ्यात दादाचा फोन आला. आवाज उतरलेला. “माई, शिवराया लॅकरखाली हिरव्या पडू लागल्या. काय करावे कळत नाही. तुझ्या शेजारी त्या रसायनवाल्या बाई राहतात ना, त्यांना विचारशील का?”

शेजारच्या बाई महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांना सगळी हकीगत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “लावताना वास कसला आला होता, आठवतो का?”

“पिकलेल्या केळ्यांचा,” मी म्हटले.

बाई हसल्या. “मग सापडले! तो वास अमाइल ॲसिटेटचा. जुनी नायट्रोसेल्युलोजची लॅकरे त्यातच कालवीत.”

त्यांनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. कापूस तीव्र आम्लांत बुडवला की त्याचा एक निराळाच पदार्थ होतो. १८४६ साली शनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने तो जगापुढे आणला. त्याची बंदुकीची दारू झाली, सेल्युलॉइड झाले, सिनेमाच्या जुन्या फिती झाल्या, आणि लॅकरही झाले. आज आपल्या मुली नखांना जो रंग लावतात, तोही बहुधा याच कुळातला. आपल्या खानदेशच्या कापसाचा हा किती दूरचा नातेवाईक, पाहा! आता नखांचा रंग काढायला आपण काय करतो? नख खरवडतो का? नाही. कापसाला औषध लावून हलकेच पुसतो, रंग विरघळून निघून येतो. त्या औषधात पुष्कळदा ॲसिटोन असते. नाण्यावरचे हे लॅकरही ॲसिटोनमध्येच विरघळते. आणि मौज अशी की ॲसिटोन चांदीला किंवा तांब्याला काहीही करीत नाही. म्हणजे जे आपण वरून लावले तेवढेच जाते. जे नाण्याचे आहे ते राहते.

मग इतकी वर्षे ठीक असलेले लॅकर आता बिघडले का? बाई म्हणाल्या, त्याचे आयुष्य संपले. नायट्रोसेल्युलोज म्हातारे झाले की पिवळे पडते, त्याला बारीक तडे जातात, आणि कुजताना त्यातून आम्लाचा अंश सुटतो. तड्यांतून पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच मुरते. मला चटकन कल्हईचे पातेले आठवले. फुटके आवरण असण्यापेक्षा मुळीच नसलेले बरे.

पण त्यांनी आम्हांला लगेच काम सुरू करू दिले नाही. “पावसाळ्यात नको, आणि उन्हाळ्यात तर मुळीच नको,” म्हणाल्या. ॲसिटोन भरकन उडते, आणि उडताना नाणे गार करून टाकते. पावसाळ्यात त्या गार नाण्यावर हवेतले पाणी दव पडावे तसे बसते. उन्हाळ्याचे तर विचारूच नका. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, आणि आपल्या जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो! त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून आम्ही जानेवारीपर्यंत थांबलो.

जानेवारी २०१२ मध्ये दादा तो डबा मांडीवर घेऊन एसटीने आला. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावपर्यंत त्याने डबा खाली ठेवला नसावा. त्या दोन दिवसांत आम्ही जे केले ते क्रमाने सांगते. ज्यांना उपयोग होईल त्यांनी टिपून घ्यावे.

पहिले म्हणजे प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला आणि वहीतला क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवला. नाणे कडेने धरायचे. बोटांचे तेल आणि घाम त्याच्या तोंडाला लागू द्यायचा नाही.

जागा निवडली ती गच्चीवरची, सावलीतली. जवळ शेगडी नाही, निरांजन नाही, उदबत्ती नाही. लहान मुलांना खाली पाठवले. बाईंनी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन मागवले होते. नखांचा रंग काढायच्या बाटलीत तेल, सुगंध आणि रंग घातलेला असतो, तो नाण्यावर पुन्हा बसतो. म्हणून ती चालत नाही. भांडी सगळी काचेची, झाकायला काचेच्या बशा. प्लॅस्टिकची वाटी घ्याल तर पुष्कळ प्लॅस्टिके ॲसिटोनमध्ये मऊ पडून चिकटतात, आणि एका लॅकरऐवजी दुसरे चढते. पॉलिश केलेल्या टेबलावरही हे काम करू नये, टेबलाचे पॉलिश जाईल.

आधी परीक्षा. सगळ्यांत साध्या पैशाच्या कडेला, कापसाच्या बोळ्याने एक थेंब लावला. लॅकर लगेच चिकट झाले. बाईंचे निदान बरोबर ठरले. फक्त दोन पैसे दाद देईनात. ते अप्पांनी एका सराफाकडून घेतले होते, असे वहीत होते. त्यांवरचा थर लालसर होता. तो निघाला चपड्याचा, म्हणजे लाखेचा. पळसाच्या आणि बोरीच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात तिचाच चपडा होतो, आणि सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात. जे ज्यात विरघळवून लावले ते त्यातच बहुधा सुटते. त्या दोन पैशांना ॲसिटोनऐवजी स्पिरिटमध्ये ठेवले. जुनी लाख हट्टी असते, तिला दोन दिवस लागले.

बाकीच्या नाण्यांचे असे केले. काचेच्या वाटीत तळाला धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, त्यावर एकच नाणे. दोन ठेवली तर एकमेकांवर घासतात. नाणे बुडेल इतके ॲसिटोन, वर बशी. तासाभराने पाहिले तर लॅकर दुधावरच्या सायीसारखे सुटून आले होते. ते ॲसिटोन काढून नवे घातले. असे तीनदा. शेवटचे अगदी ताजे असले पाहिजे, नाही तर विरघळलेले लॅकर वाळताना पुन्हा पातळ पापुद्रा धरते. अक्षरांच्या खाचांत जे राहिले त्यासाठी कापसाची वात वळली. देवापुढच्या वाती इतकी वर्षे वळल्या, त्या विद्येचा असाही उपयोग झाला! ती वात ॲसिटोनमध्ये भिजवून नाण्यावरून लाटण्यासारखी फिरवायची, पोतेऱ्यासारखी ओढायची नाही. सुई नाही, टोक नाही, दात कोरायची काडीसुद्धा नाही. निघत नसेल तर पुन्हा भिजत घालायचे. वेळ आपल्याजवळ होता. घाई मी २००९ मध्ये करून चुकले होते.

वापरलेले ॲसिटोन मोरीत ओतले नाही. काचेच्या बाटलीत भरून बाईंनी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिले. आणि कापसाचे बोळे चुकूनही बंबात टाकू नका. त्यांत मुरलेला पदार्थ बंदुकीच्या दारूचा सख्खा भाऊ आहे.

आणखी एक सावधगिरी. पुतळ्यांच्या माळेसारखे दागिने, ज्यांत लाख भरलेली असते, मोती किंवा खडे चिकटवलेले असतात, ते कधीही अशा द्रवात बुडवू नयेत. मी सांगते ते सुट्या, साध्या नाण्यांसाठीच.

आता काय निघाले ते सांगते. सगळे काही सोन्यासारखे झाले असे नाही. लॅकर निघाले म्हणजे नाणे नवे होत नाही. ॲसिटोन काळपटपणा काढीत नाही, आणि काढू नयेच. अप्पांनी लॅकर लावले तेव्हा नाणी जशी होती तशी ती पुन्हा दिसू लागली. राणीचे रुपये मंद करडे, तांब्याचे पैसे पिकल्या चिकूच्या रंगाचे. अकरा शिवरायांपैकी सात नीट निघाल्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे स्वच्छ वाचता आली. चार शिवरायांवर मात्र लॅकरखाली फिकट हिरवी, भुरभुरीत पूड धरली होती आणि तिच्याखाली धातूला खळगे पडले होते. हा तांब्याचा खरा आजार, त्याला ॲसिटोन हे औषध नव्हे. बाई म्हणाल्या, इथे आपण थांबायचे. त्या चार नाण्यांवरचे लॅकर काढले, ती वेगळ्या कोरड्या डबीत ठेवली, औषधांच्या बाटलीत येतात तशा ओलावा शोषणाऱ्या पुड्या बरोबर घातल्या. पुढे ती जाणकारांना दाखवली. हे शास्त्र स्वतंत्र आहे; त्यासाठी लखनौला १९७६ साली राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली, इतके ते मोठे आहे. घरच्या बाईने कुठे थांबावे हे कळणे हाही त्याचाच भाग.

आणि एक मोगल रुपया होता. वहीत अप्पांनी लिहिले होते : ‘औरंगजेब. टांकसाळ ?’ लॅकर खाचांत साचून फारशी अक्षरे बुजली होती, आणि ते प्रश्नचिन्ह तसेच राहून गेले होते. लॅकर निघाल्यावर रेघा मोकळ्या झाल्या. फारशी जाणणाऱ्या एका गृहस्थांना दादाने फोटो दाखवला. त्यांनी वाचले, ‘बुऱ्हाणपूर’. आपल्या भुसावळच्या पलीकडचे बुऱ्हाणपूर! खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी आधी तापीकाठचे थाळनेर होती, नंतर बुऱ्हाणपूर. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, ते राज्य मोगलांकडे गेले, आणि बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीत मोगलांचे रुपये पडू लागले. म्हणजे अप्पांचा तो परका रुपया आपल्याच मुलखात जन्मलेला निघाला. दादाने पेन्सिल घेतली. अप्पांचे प्रश्नचिन्ह खोडले नाही. त्याच्या शेजारी कंसात ‘बुऱ्हाणपूर’ लिहिले आणि तारीख घातली.

एक भोकाचा पैसा मात्र आम्ही मुद्दामच तसाच ठेवला. त्याचे लॅकर अजून शाबूत आहे, तडा नाही, डाग नाही. चांगले असलेले आवरण उगाच काढू नये, असे बाईंनीही सांगितले. पण दादाने तो बाजूला काढला त्याचे कारण वेगळे होते. त्या पैशावर लॅकरमध्ये कुंचल्याचा एक केस चिकटलेला आहे. १९६४ च्या दिवाळीतला, अप्पांच्या हातातल्या कुंचल्याचा. आम्ही दोघांनी तो पुष्कळ वेळ पाहिला. मग दादा म्हणाला, “कागदाला आपली शाई लावू नये म्हणणारा माणूस! नाण्यांना मात्र लावली.” आणि हसला. डब्यासमोर तो माझ्याशी दोन वर्षांनी हसत होता.

मी घासलेला रुपया पिशवीतून काढला आणि म्हटले, “याचे काय करायचे?” दादा म्हणाला, “त्यालाही वहीत जागा आहे. नोंद करून टाक.” तेव्हा मी माझ्या अक्षरात लिहिले : ‘क्रमांक १९. दिवाळी २००९ मध्ये घासल्यामुळे खराब. घासणारी मी.’ गेल्या वर्षी प्रदर्शनात सगळ्यांत चकचकीत म्हणून तुम्ही ज्याचे कौतुक केलेत, तो हाच रुपया, भगिनींनो! तेव्हा सांगायला धीर झाला नाही. आज सांगितले.

आता तुमच्या देव्हाऱ्यातल्या रुपयांविषयी. चिंच नको, लिंबू नको, राख नको, रांगोळी नको, पावडर नको. पूजेला हवा असेल तर मऊ, कोरड्या सुती फडक्याने टिपून घ्या. लक्ष्मीला काळसर रुपया चालतो. तिने त्याहून पुष्कळ काही पाहिले आहे. नाणी वर्तमानपत्रात, लोकरीत किंवा मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात बांधून ठेवू नका आणि त्यांना रबर लावू नका. लोकर आणि रबर यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि त्या पाकिटांतून चिकट हिरवट थर सुटतो. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात, आणि डबा कोरड्या जागी. नाण्यावर पिवळा, सोलून निघणारा थर दिसला तर तो कोणीतरी प्रेमाने लावलेला आहे, एवढे आधी ध्यानात घ्या. मग कडेला थेंब लावून पाहा, आणि जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुन्हा लॅकर लावायच्या भानगडीतही पडू नका. हल्ली जाणकार आवरण देतात तेही पुढे सहज काढता येईल अशाच पदार्थाचे. आम्ही आमच्या नाण्यांना काही लावले नाही.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. जाता जाता एकच सांगते. अप्पांचा डबा आता एक वर्ष दादाकडे आणि एक वर्ष माझ्याकडे असतो. भाऊबीजेला तो धुळे-जळगाव असा प्रवास करतो, नेहमी मांडीवरून. कपाटाला आता कुलूप नसते.